सुरैय्याने पाणी सोडलं नाही

आमच्या सायखोल गावात नळाला पाणी सकाळी साडेसहाला येतं. ते यावं म्हणून सुरैय्या मुकादम साडेपाचला घरातून निघते. एका हातात दीड हात लांबीची लोखंडी चावी, दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या कातळपठारावरच्या टाकीपाशी पोचली की ती पेलाभर पाणी काढते, आधी वास घेते, मग एक घोट तोंडात धरते, थोडा वेळ उभी राहते आणि थुंकून टाकते. मग चेंबरचं झाकण सरकवून वॉल उघडते. आधी देऊळवाडी, पाऊण तासाने बंदरवाडी. पाऊस असो, ईद असो, गणपती असोत, यात बदल नाही.

सायखोल मिठबावच्या अलीकडे खाडीला लागून आहे. ग्रामपंचायतीत सुरैय्याच्या पदाचं नाव जलसुरक्षक. नेमणूक तात्पुरत्या स्वरूपात. हे तात्पुरतं स्वरूप पंधरा वर्षं चाललंय.

तिच्याआधी हे काम तिचा नवरा फकरुद्दीन करायचा. तो मूळचा होडीवरचा, पण दर्यावरच्या कामाने पाठ आखडली म्हणून पंचायतीत लागला. दोन हजार अकरा साली टाकीच्या शिडीवरून पडला आणि कंबर गेली. त्या वेळच्या मासिक सभेत ठराव झाला, की श्री. फकरुद्दीन मुकादम बरे होईपर्यंत त्यांच्या पत्नीने काम पाहावे. फकरुद्दीन बरा झाला नाही आणि ठराव कोणी बदलला नाही. सुरैय्या सातवी शिकलेली. देवगडला तिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, तिथून ती पाणी तपासायची एक निळी पेटी घेऊन परत आली. पेटीत औषधाच्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचा तक्ता. प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी, पाणी तोंडात घेऊन तपासू नये असं स्पष्ट सांगितलं होतं. सुरैय्याने ते वहीत लिहून घेतलं. पेल्याची सवय मात्र सुटली नाही.

तिच्या या चिकाटीला एक कारण होतं, आणि ते गावात सगळ्यांना माहीत असूनही कोणी त्यावर बोलत नसे. फकरुद्दीन कामावर असताना, दोन हजार नऊच्या पावसाळ्यात, वहाळाचं गढूळ पाणी विहिरीत शिरलं होतं. त्याने दोन दिवस पाणी बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी गावात लग्न होतं. तेव्हाच्या सरपंचांनी त्याला सांगितलं, की औषध जास्त टाक आणि सोड. त्याने सोडलं. त्या आठवड्यात एकतीस माणसं जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. तीस बरी झाली. देऊळवाडीतल्या राधाबाईची नात, चार वर्षांची, बरी झाली नाही. चौकशी झाली, कोणाचाच दोष निघाला नाही. पण त्या दिवसापासून फकरुद्दीन देऊळवाडीच्या रस्त्याने जायचा बंद झाला. टाकीवर जायला तो मागच्या काटेरी पायवाटेने चढायचा. पडला तोही त्याच बाजूच्या शिडीवरून.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

गावाने स्वच्छ ग्राम स्पर्धेत भाग घेतला होता. सरपंच गुरुदास हा उत्साही माणूस. आंब्याची कलमं सांभाळून तो पंचायतीत रोज दोन तास बसतो, आणि ते दोन तास खरोखर काम करतो. त्याने कचऱ्याची घंटागाडी आणली, शाळेच्या भिंती रंगवल्या, बंदरवाडीत दिवे लावले. स्पर्धेच्या तक्त्यात सार्वजनिक शौचालयाला गुण होते, म्हणून देवळामागे आठ खोल्यांचं शौचालय बांधलं. बाहेरून फरशी, वर सोलर दिवा, दारावर बाईमाणसाची आणि बाप्यामाणसाची चित्रं. पंचायतीची विहीर देवळाच्या खालच्या घळीत आहे. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून पंधरा मीटर लांब हवा असा नियम. ग्रामसेवक विश्वेशने टेप लावून मोजलं, सतरा भरलं. फोटो काढून फाइलला लावला. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव ग्रामसेवकच म्हणतं. विश्वेशने ते मनावर घेतलेलं नाही.)

सुरैय्याने तेव्हा ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं, की जांभ्या दगडाला भेगा असतात, वरचं पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. तिचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: सर्वानुमते मंजूर.

शौचालयाचं उद्घाटन जत्रेच्या आदल्या दिवशी झालं. जत्रेला मुंबईचे चाकरमानी आले, माहेरवाशिणी आल्या, दोन दिवस देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. नवीन शौचालयाची सगळ्यांनी तारीफ केली. स्पर्धेची तपासणी समिती जत्रेनंतरच्या शुक्रवारी यायची होती.

बुधवारी सकाळी सुरैय्याने पेल्यातलं पाणी हुंगलं. संध्याकाळी टाकीत क्लोरीनची पावडर टाकली की सकाळी पाण्याला तिचा मंद वास राहायला हवा. त्या दिवशी वास होता, पण फार कमी. नळीत पाणी घेऊन तिने दोन थेंब औषध टाकलं. पिवळा रंग यायला हवा, तो फिकट आला. तरी आला, म्हणून तिने पाणी सोडलं. पावडर जुनी असेल असं वाटून तिने संध्याकाळी नवीन पिशवी फोडली आणि दुप्पट टाकली.

गुरुवारी सकाळी पाण्याला वासच नव्हता. थेंब टाकले तरी नळीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं. तिने उजेड व्हायची वाट पाहून पुन्हा करून पाहिलं. पावडर दुप्पट गेली होती आणि रात्रीत संपली होती. पावडर आपोआप संपत नाही. पाण्यात काहीतरी असेल तरच ते तिला खातं. एवढं देवगडच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि एवढंच तिच्या पक्कं लक्षात राहिलं होतं.

तिने पेटीतली छोटी बाटली काढली. या बाटलीत तळाला सुकलेलं औषध असतं. त्यात पाणी भरून उबेत ठेवायचं; घाण मिसळलेली असली तर चोवीस तासांत पाणी काळं पडतं. साडेसहाला तिने बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. मग चावी चेंबरच्या झाकणावर आडवी ठेवली आणि बाजूला बसली. वॉल उघडला नाही.

सात वाजेपर्यंत दोन्ही वाड्यांतून माणसं वर आली. नळ कोरडे का, असं विचारलं. तिने सगळ्यांना एकच सांगितलं, की पाणी तपासायला लावलंय, उद्या सकाळी कळेल. उद्या समिती येणार, घरोघरी सडासारवण व्हायचं होतं. बंदरवाडीत घरच्या विहिरी खाऱ्या, देऊळवाडीत अर्ध्या आटलेल्या. काहींनी तिला समजावलं. काहींनी तिच्या चौदा वर्षांच्या तात्पुरत्या नोकरीची आठवण करून दिली.

आठ वाजता सरपंच गुरुदास विश्वेशला मागे बसवून मोटारसायकलवरून आला. त्याने नळी बघितली, वास घेतला, पेटीतला तक्ता उघडून सगळे रंग स्वतः जुळवून पाहिले. गढूळपणा नाही, खारेपणा नाही, बाकी सगळं बरोबर होतं.

"सुरैय्याबाय, पाणी निवळ आसा," तो म्हणाला. "वायच पावडर वाढवा आनी सोडा. फाल्या समिती येतली, गावात पाणी नाय म्हणान काय सांगू मी त्यांका?"

"पावडर दुप्पट घातलेली, सरपंचांनू. ती ऱ्हवली नाय. बाटली काय सांगता ता बगूया, मगे सोडतंय."

"आनी बाटली काय बोलली नाय तर?"

"तर माझी चूक झाली म्हणान लिवन देतंय."

गुरुदासने विश्वेशकडे पाहिलं. विश्वेश म्हणाला, की तोंडी आदेश पाळला नाही तर लेखी द्यावा लागेल, आणि लेखीही पाळला नाही तर कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल. हे तो धमकी म्हणून सांगत नव्हता. पद्धत अशीच होती.

सुरैय्याला राग आला की तिची मराठी शुद्ध होते. ती म्हणाली, "साहेब, आपण नोटीस काढावी. मी ती घेईन. परंतु आज मी पाणी सोडणार नाही."

पंचायतीच्या कपाटात दुसरी चावी होती. गुरुदासने विश्वेशला ती आणायला पाठवलं. यात गुरुदासचा काही दुष्टपणा होता असं कोणी समजू नये. त्याच्या डोळ्यांसमोर दीडशे घरं होती, आणि पेटीतल्या पाचपैकी चार रंग त्याच्या बाजूने होते.

विश्वेश चावी घेऊन परत येईपर्यंत राधाबाई सड्यावर पोचली. वय बहात्तर. डोक्यावर रिकामी कळशी. चढ तिला झेपत नाही, म्हणून दोनदा थांबत आली होती. तिने कोणाला काही विचारलं नाही, बहुतेक वाटेतच सगळं कळलं होतं. सुरैय्यापाशी येऊन तिने कळशी खाली ठेवली.

"सुरैय्या गो, पाण्यात आसा काय कायतरी?"

"माका वाटता, काकी. नक्की फाल्या कळात."

राधाबाईने झाकणावरची चावी उचलून बाजूला ठेवली आणि चेंबरच्या झाकणावर बसली. पदराने तोंड पुसलं. बसल्यावर तिने टाकीच्या मागच्या पायवाटेकडे थोडा वेळ पाहिलं.

विश्वेश दुसरी चावी घेऊन आला. गुरुदासने ती हातात घेतली, राधाबाईकडे पाहिलं आणि चावी परत विश्वेशच्या हातात दिली. मग गुरुदास थोडा बाजूला जाऊन फोनवर बोलला. मिठबावहून संध्याकाळपर्यंत टँकर मिळेल का, याची चौकशी केली. मिळणार होता. नऊ वाजता गावच्या ग्रुपवर विश्वेशचा संदेश आला: तांत्रिक कारणास्तव आज नळपाणी पुरवठा बंद राहील, पिण्यासाठी टँकरची व्यवस्था केली आहे, ग्रामस्थांनी सहकार्य करावे. खाली सदतीस जणांनी अंगठे दाखवले, त्यातले निम्मे वरच्या दिशेने.

सुरैय्या दुपारी घरी गेली. फकरुद्दीन पडवीत खाटेवर होता. पाइपला पाण्याचा आवाज नव्हता, त्यामुळे त्याला सकाळपासून ठाऊक होतं.

"सोडलंस?" त्याने विचारलं.

"नाय."

"सरपंच काय म्हणालो?"

"नोटीस देतलो."

तिने बाटली दाखवली. ऊब हवी म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवायला निघाली होती. फकरुद्दीनने हात पुढे केला. बाटली घेतली आणि बनियनच्या आत, छातीशी धरून आडवा झाला. जेवायला उठला तेव्हाही बाटली आतच होती. दुपारच्या नमाजाला त्याने ती सुरैय्याच्या हातात दिली आणि झाल्यावर परत मागून घेतली. दिवे लागायच्या सुमारास त्याने एकदा बाहेर काढून पाहिली. कोऱ्या चहासारखा रंग आला होता. त्याने सुरैय्याला ते सांगितलं नाही, कारण चोवीस तास झाले नव्हते. हे त्याने नंतर आम्हाला सांगितलं.

शुक्रवारी पहाटे बाटली काळी होती. नुसती मळकट नव्हे, डांबरासारखी.

फकरुद्दीनने काठी मागितली. चौदा वर्षांत जो अंगणापलीकडे गेला नव्हता, तो त्या सकाळी सुरैय्याच्या खांद्याला धरून निघाला, आणि तोही देऊळवाडीच्या रस्त्याने. एरवी दहा मिनिटांची वाट, त्या दिवशी पाऊण तास लागला. राधाबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होती, टँकरचं. फकरुद्दीन अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबला. सुरैय्याने बाटली वर धरून दाखवली.

राधाबाईने ती लांबूनच पाहिली आणि मान हलवली. मग फकरुद्दीनला म्हणाली, "उभो कित्याक ऱ्हवलंस? कंबर दुखात. बस हय."

तो बसला. तिने त्याला चहा दिला. चहा निवेपर्यंत तो खाली मान घालून होता. बोलणं झालं ते एवढंच, की यंदा काजूला मोहोर बरा आहे. सुरैय्या त्याला तिथेच बसवून पंचायतीत गेली.

समिती अकराला यायची होती. गुरुदासने बाटली टेबलावर ठेवली. विश्वेशने सुचवलं, की बाटली कपाटात ठेवता येईल. समितीने विचारलं तर दाखवावी, न विचारल्यास तसा प्रश्न नाही. गुरुदासने विचार केला आणि नको म्हणाला. हारतुऱ्यांच्या ताटाशेजारी बाटली तशीच राहिली.

समितीच्या अध्यक्ष ओरोसहून, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या बाई होत्या. स्वागताच्या वेळी त्यांच्यापुढे बाटलीबंद पाणी ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि गावच्या नळाचं पाणी मागितलं. बहुधा प्रत्येक गावात मागत असाव्यात. दाराशी उभी असलेली सुरैय्या म्हणाली, "मॅडम, ते आज पिण्यायोग्य नाही. अहवाल आपल्यासमोर ठेवलेला आहे."

बाईंनी बाटली उचलून उजेडात धरली. केव्हा भरली, कुठे ठेवली, पावडर किती टाकली होती, सगळं विचारलं. सुरैय्याने सांगितलं. ऊब कशी दिली हे सांगताना ती थोडी अडखळली, पण सांगितलं. समितीतल्या एका इंजिनियरने विहीर पाहिली, शौचालय पाहिलं, आणि शिमग्याचा रंग गावात मिळेल का असं विचारलं. दुकानदाराने गेल्या वर्षीचा उरलेला हिरवा रंग काढून दिला. सगळी पाकिटं शोषखड्ड्यात ओतली, वरून टँकरचं पाणी सोडलं. समिती शाळा आणि अंगणवाडी बघून, सोलकढी पिऊन, जेवून निघून गेली.

शनिवारी सकाळी विहिरीच्या देवळाकडच्या बाजूला, पाण्यापासून हातभर वर, दगडातून हिरवा ओघळ उतरत होता. दुपारपर्यंत अर्धी विहीर हिरवी झाली. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव ते बघायला आलं. गुरुदास काठावर उभा होता. आजूबाजूला माणसं असूनही त्याने सुरैय्याला सांगितलं, की ग्रामसभेत तुम्ही म्हणाला होतात, मी ऐकलं नाही. ती म्हणाली, ऐकलं होतंत, लिहिलं नव्हतंत. मग दोघं विहीर कशी उपसायची ते बोलू लागले.

पुढे जे करायचं ते पंचायतीने केलं. शौचालयाला कुलूप लावलं, खड्डा उपसून बुजवला, शौचालयासाठी नवीन सेप्टिक टाकी वहाळापलीकडे बांधायला घेतली. विहीर तीनदा उपसली. एकोणीस दिवस मिठबावचा टँकर आला, आणि तो कोणत्या वाडीत आधी जाणार यावरून दोनदा भांडण झालं. प्रत्येक उपशानंतर सुरैय्या बाटली भरायची. फकरुद्दीन ती सांभाळायचा. तिसरी बाटली स्वच्छ निघाली तेव्हा तिने चौथीही भरून पाहिली, आणि मगच वॉल उघडला. गावात कोणी आजारी पडलं नाही. सुरैय्याला स्वतःला, दोन घोटांच्या हिशेबाने, दोन दिवस जुलाब झाले. त्याची नोंद कुठेही नाही.

स्पर्धेत सायखोल तालुक्यात अकरावं आलं. सार्वजनिक शौचालयाला शून्य गुण, पाणी तपासणीला पैकीच्या पैकी.

मार्चमध्ये विश्वेशने सुरैय्याला दोन पत्रं दिली. एक, सरपंचांचा आदेश न पाळल्याबद्दल खुलासा मागणारं. दुसरं, दक्षतेबद्दल अभिनंदन करणारं. जावक क्रमांक लागोपाठचे होते. विश्वेशने समजावून सांगितलं, की पहिलं गुरुवारच्या घटनेचं आहे आणि दुसरं शुक्रवारच्या. गुरुवारचं आधी तयार झालं होतं, ते रद्द करायची तरतूद सापडली नाही. सुरैय्याने दोन्हींवर पोच म्हणून सही केली. खुलाशात तिने एकच ओळ लिहिली: पाणी खराब होते.

फकरुद्दीन आता आठवड्यातून एकदा देऊळवाडीत जातो. राधाबाईच्या अंगणात बसतो, चहा घेतो. नातीचा विषय त्यांच्यात निघाला की नाही, हे आम्ही कोणी विचारलेलं नाही.

एक मेच्या ग्रामसभेत गुरुदासने ठराव मांडला, की पाणी सोडावे की सोडू नये हे जलसुरक्षक ठरवील, आणि त्यात सरपंचासह कोणी हस्तक्षेप करू नये. विरोध कोणी केला नाही. सुरैय्या उभी राहिली आणि म्हणाली, की ठराव जसा वाचला तसाच इतिवृत्तात लिहावा, आणि लिहिल्यावर मला वाचून दाखवावा. विश्वेशने तिथेच बसून लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. तिने एका शब्दाची दुरुस्ती सांगितली, ती त्याने केली. मग पुढचा विषय घेतला. तो मोकाट गुरांचा होता आणि दीड तास चालला.